बर्फात भिजलेली डर्बी

पुण्यात रेस म्हटली की पाऊस आलाच. मुंबईत महालक्ष्मीचा ट्रॅक पावसाळ्यात बंद असतो, म्हणून घोडे घाट चढून इथे येतात आणि आपला हंगाम ऐन पावसात रंगतो. त्यामुळे चिखलात कुठला घोडा पळतो आणि कुठला पाय आखडता घेतो, हे मी तुमच्यासमोर सांगायचं म्हणजे जरा धाडसच आहे. पण मी आज जी शर्यत घेतली आहे ती इथली नाही. लंडनच्या दक्षिणेला एप्सम नावाचं गाव आहे, तिथली २२ मे १८६७ची डर्बी, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांची इंग्लंडमधली सगळ्यात मानाची शर्यत. मे महिना म्हणजे तिकडे वसंत भरात असतो. डर्बीच्या दिवशी पार्लमेंटला सुट्टी मिळायची. त्या वर्षी मताधिकार वाढवण्याच्या विधेयकावरून सभागृहात रान पेटलं होतं, तरी तेही एक दिवस थांबलं. आणि नेमकं त्या दिवशी आभाळातून पाऊस आणि बर्फ एकत्र कोसळत होते. वारा असा बोचरा, की डोंगरमाथ्यावर जमलेल्या गर्दीला हात खिशातून बाहेर काढवेनात.

या शर्यतीची गोष्ट इंग्लंडमध्ये प्रेमकथा म्हणूनच सांगितली जाते. ती आधी उरकून घेऊ, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि खरं सांगायचं तर ती आहेही चटकदार.

हेन्री चॅप्लिन हा लिंकनशायरमधला तरुण जमीनदार. घराणं मोठं, इस्टेट मोठी, माणूस उमदा. त्याचं लग्न ठरलं होतं लेडी फ्लॉरेन्स पॅजेटशी. ही लहानखुऱ्या चणीची, कमालीची देखणी मुलगी. वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावलेल्या लॉर्ड अँगलसीची नात. १६ जुलै १८६४ला, लग्न काही आठवड्यांवर आलेलं असताना, ती ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मार्शल अँड स्नेलग्रोव्ह या मोठ्या कापडदुकानात शिरली. घरच्यांना वाटलं, लग्नाची खरेदी चालली आहे. ती एका दारानं आत गेली, दुसऱ्या दारानं बाहेर पडली आणि त्याच दिवशी लॉर्ड हेस्टिंग्जशी लग्न करून मोकळी झाली. आदल्या रात्री ती चॅप्लिनबरोबर ऑपेराला बसली होती.

हा हेस्टिंग्ज कोण, हे आपल्याला कळायला हवं. वॉरन हेस्टिंग्जचा याच्याशी संबंध नाही. ती गल्लत पुष्कळ जण करतात. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा कलकत्त्याला गव्हर्नर जनरल म्हणून बसलेला जो मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, त्याचा हा नातू, चौथा मार्क्विस. आजोबांनी मराठ्यांचं राज्य घेतलं, नातवानं घरचं घालवलं. डर्बीच्या वेळी हा चोवीस वर्षांचा होता. तबेल्यात चिक्कार घोडे, रोजचा जुगार, आणि हरल्यावर चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही, हा अभिमान.

आता घोडा. केंटमध्ये एल्थमला ब्लेंकायरन नावाच्या गृहस्थांचं मिडल पार्क म्हणून पैदास केंद्र होतं. तिथल्या लिलावात १८६५ साली एक वर्षाचं तांबूस शिंगरू चॅप्लिननं १००० गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त) घेतलं. बाप न्यूमिन्स्टर, आई सिक्लूजन. नाव ठेवलं हर्मिट. दोन वर्षांचा असताना त्यानं काही शर्यती जिंकल्या आणि डर्बीसाठी त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. चॅप्लिनच्या घोड्यांचा कारभार कॅप्टन मचेल पाहायचे. निवृत्त फौजी, आणि घोडा व माणूस दोन्ही पारखणारे. चॅप्लिन आणि मचेल यांनी हर्मिटवर पैसे लावले होते. हेस्टिंग्जनं उलट केलं. जो कोणी हर्मिटवर लावायला येईल त्याची बेट हा बुकीसारखी घ्यायचा. हर्मिट हरला तर सगळे पैसे याचे; जिंकला तर ठरलेल्या भावानं सगळ्यांना याच्या खिशातून. घोडा चॅप्लिनचा आहे, एवढं कारण त्याला पुरेसं होतं, असं सगळेच म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. हेस्टिंग्ज सगळ्याच घोड्यांवर बेसुमार खेळायचा. पण या एका घोड्यावर त्यानं धरबंद सोडला, एवढं खरं.

डर्बीला आठवडा-दहा दिवस असताना न्यूमार्केटला, जिथे रेसचे घोडे तयार केले जातात, सकाळच्या कामात, म्हणजे सरावाच्या दौडीत, हर्मिटनं रक्त टाकलं. भरधाव पळता पळता नाकातून रक्त आलं आणि घोडा थांबला. बातमी लंडनला पोचायला तेव्हाही वेळ लागत नसे. तार होती, आणि तबेल्यांभोवती घुटमळणारे टेहळे होते. हे लोक झुडपाआडून घोड्यांची कामं पाहायचे आणि खबर विकायचे. काही तासांत हर्मिट संपला असं बाजारानं ठरवून टाकलं. चॅप्लिननंही त्याला मागे घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्याचा जॉकी कस्टन्स हा त्या काळातला नावाजलेला माणूस. त्याला मोकळं केलं आणि तो द रेक नावाच्या घोड्यावर गेला. गंमत अशी की पुढे द रेकनंही रक्त टाकलं. एकाला सोडून दुसऱ्याकडे गेला तर तिथेही तेच! इकडे हर्मिट मात्र थोड्या विश्रांतीनंतर हलक्या कामात बरा वाटू लागला. मचेल यांनी धीर सोडला नाही. कस्टन्स परत मिळेना, तेव्हा जॉनी डेली नावाचा, फारसं नाव नसलेला जॉकी घेतला.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते या शर्यतीचं मर्म या रक्तात आहे. प्रेमकथेच्या नादात ते निसटतं.

घोडा पूर्ण वेगात असतो तेव्हा त्याच्या फुप्फुसातल्या रक्ताचा दाब प्रचंड वाढतो. तिथल्या केसासारख्या वाहिन्या तो दाब सोसता सोसता फुटतात. रक्त नाकातून येतं म्हणून पूर्वी लोकांना वाटायचं की नाकातलीच शीर फुटली. पण ते येतं खालून, फुप्फुसातून. १९७०नंतर पशुवैद्य लवचीक दुर्बीण घोड्याच्या नाकातून थेट श्वासनलिकेत घालून पाहू लागले, तेव्हा कळलं की जोरात पळालेल्या बहुतेक घोड्यांत थोडंफार रक्त सांडतंच. नाकाबाहेर दिसण्याइतकं मात्र फार थोड्यांत. म्हणजे एप्समला उभ्या असलेल्या इतर घोड्यांपैकी किती जण आतून रक्त टाकून आलेले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हर्मिटचं दिसलं, एवढाच फरक. त्याचा भाव गेला हजाराला पंधरा. पंधरा पौंड लावा, हजार मिळवा. सहासष्ट पटींच्या वर. हा भाव लावला होता बातमीला. घोडा तोच होता, जो काही आठवड्यांपूर्वी जिंकण्याच्या लायकीचा मानला जात होता. रक्त टाकलेला घोडा धोक्यात नसतो असं मी म्हणत नाही. दुसऱ्यांदा टाकलं तर तो मधेच थांबू शकतो, आणि ती भीती रास्त होती. पण ती भीती सहासष्ट पटींची होती का?

शर्यतीच्या दिवशी तीस घोडे उतरले. फेव्हरिट होता वॉबन, टू थाउजंड गिनीज ही मोठी शर्यत जिंकून आलेला. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागी, हर्मिट पाहून लोक हसले म्हणतात. थंडीनं अंगावरचे केस ताठ उभे, मान खाली. त्या हवेत कुठला घोडा रुबाबदार दिसेल?

तेव्हा आजच्यासारखे स्टार्टिंग गेट नव्हते. सगळे घोडे एका रेषेत आणायचे आणि स्टार्टरनं निशाण खाली पाडायचं, बस. तीस तरणे घोडे, तोंडावर बर्फाचा मारा, हातातले लगाम ओले. कोणी पुढे पळायचा, कोणी आडवा व्हायचा, की पुन्हा सगळ्यांना मागे बोलवायचं. असं एकदा नाही, दहा वेळा झालं. डर्बीच्या इतिहासात सुरुवातीची इतकी दैना क्वचितच झाली असेल. बराच वेळ ही झुंड त्या उघड्या माळावर भिजत आणि धडपडत राहिली. प्रत्येक खोट्या सुरुवातीला काही घोडे शंभर-दोनशे यार्ड पळून यायचे, ओढून धरले जायचे, पुन्हा वळायचे. ज्या घोड्याचं डोकं तापट, त्याची निम्मी ताकद तिथेच सांडली.

एप्समचा ट्रॅक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंतर दीड मैल, आपले साधारण २४०० मीटर. पण हे महालक्ष्मीसारखं सपाट लंबवर्तुळ नाही. सुरुवातीलाच चढ, मग उतार, उतारावरच टॅटनहॅम कॉर्नर नावाचं डावं वळण आणि मग स्ट्रेट, म्हणजे शेवटची सरळ धाव. तीही एका बाजूला कललेली. खाली चुनखडी असल्यामुळे एरवी पाणी पटकन मुरतं, पण दिवसभर बर्फाळ पाऊस झाल्यावर वरची हिरवळ निसरडी होणारच. त्या दिवशीची वेळ लागली २ मिनिटं ५२ सेकंद.

शेवटच्या टप्प्यात वॉबन पुढे होता. मग मार्क्समननं त्याला गाठलं आणि मागे टाकलं. गर्दीला वाटलं, झालं. तेवढ्यात बाहेरून डेलीचा गुलाबी रंग पुढे सरकू लागला. गुलाबी हा चॅप्लिनचा रंग. हर्मिटनं मार्क्समनला पोस्टजवळ, म्हणजे शेवटच्या खांबाजवळ, गाठलं आणि एका मानेच्या अंतरानं शर्यत घेतली. वॉबन तिसरा.

पावसानं काय केलं, असं तुम्ही विचाराल. माझा तर्क सांगतो, आणि तो तर्क म्हणूनच घ्या. कोरड्या, कडक जमिनीवर सुरुवातीपासून भन्नाट वेग पडला असता, तर रक्त टाकून सावरलेल्या घोड्याच्या फुप्फुसांची खरी परीक्षा झाली असती. जड जमिनीत वेग मंदावला, तापट घोडे निशाणाजवळच दमले, आणि आठवडाभर सक्तीनं विश्रांती मिळालेला घोडा शेवटच्या फर्लांगापर्यंत ताजा राहिला. दुखण्यानं त्याचं काम कमी झालं, हेच कदाचित त्याच्या पथ्यावर पडलं. डेलीला मात्र नशीबवान म्हणून सोडून देऊ नका. दोनच दिवसांनी त्यानं हिपिया या घोडीवर ओक्स, ही फक्त घोडींची मोठी शर्यत, तीही जिंकली.

हेस्टिंग्जचं नुकसान १,२०,००० पौंड झालं, असा आकडा सर्वत्र दिला जातो. हर्मिट १००० गिनींना घेतला होता हे लक्षात ठेवा. म्हणजे त्या अडीच-तीन मिनिटांत शंभराहून जास्त हर्मिट विकत घेण्याइतके पैसे गेले. सांगतात की तो शांतपणे हर्मिटजवळ गेला आणि त्याची मान थोपटली. स्कॉटलंडमधली लाउडनची इस्टेट विकून त्यानं देणी भागवली. चॅप्लिननं आपले पैसे द्यायला त्याला सवड दिली. चॅप्लिनबद्दल माझं मत तसं फार मोठं नाही. पैसा त्यानंही उधळलाच, पण इथे तो माणसासारखा वागला.

हर्मिटनं हेस्टिंग्जला संपवलं, असं म्हणून गोष्ट इथे थांबवली जाते. ते बरोबर नाही. डर्बीनंतरही तो वर्षभर खेळत होता. १८६८च्या डर्बीत त्याची स्वतःची घोडी लेडी एलिझाबेथ फेव्हरिट होती. ती नंबरातही आली नाही. त्याचाच दुसरा घोडा, द अर्ल, आयत्या वेळी मागे घेतला गेला, आणि त्याच वर्षी त्यानं पॅरिसची ग्रां प्री जिंकून दाखवली. इंग्लंडच्या रेसिंगची सूत्रं सांभाळणाऱ्या जॉकी क्लबचे बुजुर्ग ॲडमिरल राउस यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहून उघड आरोप केला की या पोराला त्याच्या भोवतीच्या लोकांनी फसवलं. सावकारांचं जाळं, ट्रेनरचं वजन, सगळं चव्हाट्यावर आलं. १० नोव्हेंबर १८६८ला तो वारला, सव्वीस वर्षांचा. माझ्या हिशेबी त्याचा घात १८६८नं केला; १८६७ची कथा फक्त सांगायला जास्त चांगली आहे, बर्फ आहे, रुसलेला प्रियकर आहे.

चॅप्लिननं पुढे १८७६ला लग्न केलं, तेही दुसऱ्या एका लेडी फ्लॉरेन्सशी. हसू नका, खरंच नाव तेच. तो मंत्री झाला, शेतीखातं सांभाळलं, म्हातारपणी व्हायकाउंट झाला.

आणि हर्मिट? बाजारानं ज्याला मोडीत काढलं होतं तो १८८० ते १८८६ अशी सलग सात वर्षं इंग्लंडचा पहिल्या क्रमांकाचा वळू, म्हणजे पैदाशीचा घोडा, होता. त्याची मुलगी शॉटओव्हर हिनं १८८२ची डर्बी जिंकली, मुलगा सेंट ब्लेझ यानं १८८३ची. सेंट ब्लेझ पुढे अमेरिकेत गेला आणि १८९१च्या लिलावात एक लाख डॉलरला विकला गेला. पण मला सगळ्यात रस आहे तो हर्मिटच्या एका नातवात. मूरहेन ही हर्मिटची मुलगी, तिचा मुलगा गॅलिन्यूल. हाही रक्त टाकायचा. शिवाय पळताना श्वास घरघरायचा. रेसच्या कामाचा नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली. कॅप्टन ग्रीअर यांनी त्याला घेऊन आयर्लंडला पैदाशीसाठी ठेवला. १९०४ आणि १९०५ या दोन्ही वर्षी तो वळूंच्या यादीत पहिला आला, आणि त्याची मुलगी प्रिटी पॉली १९०४ साली वन थाउजंड गिनीज, ओक्स आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती घेऊन गेली.