बिल विदर्स : बोलण्याच्या सुरात गाणारा माणूस

पडद्यावर दिसणारे हे छायाचित्र १९७१ साली आलेल्या ‘जस्ट ॲज आय ॲम’ या अल्बमच्या वेष्टनावरचे आहे. जेवणाचा डबा हातात घेऊन उभे असलेले हे गृहस्थ म्हणजे अमेरिकी गायक-गीतकार बिल विदर्स. डबा कुणी शोभेसाठी दिलेला नाही. ते ज्या कारखान्यात कामाला होते, तिथेच जेवणाच्या सुट्टीत हे छायाचित्र काढले गेले. बोइंग ७४७ विमानांच्या शौचालयांचे भाग तयार करणे हे त्यांचे काम होते. गायनाचा धंदा बेभरवशाचा आहे, हे ठाऊक असल्याने पहिले गाणे गाजेपर्यंत त्यांनी ही नोकरी सोडली नाही. नोकरी सांभाळून तिशीनंतर गाण्याकडे वळलेल्या माझ्यासारख्याला हा माणूस जवळचा वाटतो, त्याचे पहिले कारण हेच.

बिल विदर्स यांचा जन्म ४ जुलै १९३८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या वस्तीत झाला आणि त्यांचे बालपण जवळच्या बेकली गावात गेले. तेरा वर्षांचे असताना वडील वारले. लहानपणापासून ते बोलताना अडखळत, आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत हे अडखळणे गेले नाही. समोरचा आपल्याबद्दल काय म्हणेल या धास्तीने शब्द घशातच अडतात, असे त्यांचे स्वतःचे निदान होते. नऊ वर्षे नौदलात काढून १९६७ साली ते लॉस एंजेलिसला आले, आणि पगारातून पैसे बाजूला काढून स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करू लागले.

‘जस्ट ॲज आय ॲम’चे निर्माते बुकर टी. जोन्स हे स्वतः नामवंत ऑर्गनवादक होते. ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या विदर्स यांनी त्यांनाच विचारले की, ही गाणी गाणार कोण? तुम्हीच, असे उत्तर मिळाले. त्या अल्बममधले ‘एन्ट नो सनशाइन’ हे गाणे जेमतेम दोन मिनिटांचे आहे. त्याच्या मधल्या भागात ‘आय नो’ हे दोनच शब्द सलग २६ वेळा येतात. तिथे पुढे शब्द लिहायचे विदर्स यांच्या मनात होते, परंतु सोबतच्या मुरलेल्या वादकांनी आहे तसेच राहू द्या म्हटल्यावर त्यांनी ते मानले. तो भाग लक्ष देऊन ऐका. वाद्ये जवळपास मागे सरतात, ताल तेवढा उरतो, आणि एकच गोष्ट मनात घोळवत बसलेल्या माणसासारखा आवाज त्याच शब्दांवर फिरत राहतो. सोल संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे भावनाप्रधान लोकप्रिय संगीत, म्हटले की चर्चमधल्या गायनातून आलेली, टिपेला भिडणारी हाक आठवते. विदर्स मात्र हरकती-मुरक्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. त्यांना दमसास नव्हता असे कुणी समजू नये, कारण १९७७ च्या ‘लव्हली डे’ या गाण्यात त्यांनी एकच सूर सुमारे १८ सेकंद धरून ठेवला आहे.

‘एन्ट नो सनशाइन’ खपाबद्दल सुवर्णमानांकित झाले, तेव्हा ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांना शौचालयाचे सोनेरी आसन भेट दिले. थट्टा जरा खरखरीत होती, पण कारखान्यातल्या माणसाला ती समजण्यासारखी होती.

पुढच्याच वर्षी ‘लीन ऑन मी’ हे गाणे आले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. विदर्स काही पियानोवादक नव्हते. नव्या इलेक्ट्रिक पियानोवर बोटांची ठेवण न बदलता ती शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून वर नेली आणि खाली आणली, त्यातून ही चाल निघाली. नवशिक्याने पेटीवर पहिल्या दिवशी करावा असाच हा प्रकार आहे. अडल्यानडल्याला शेजाऱ्याने धावून जावे ही त्या गाण्यातली रीत बेकलीतली होती, आणि ‘ग्रँडमाज हँड्स’ या गाण्यातले आजीचे हातही तिथलेच होते.

पुढे मोठ्या कंपनीत गेल्यावर मात्र बिनसले. कृष्णवर्णीय श्रोत्यांना काय आवडते हे आपल्यालाच शिकवू पाहणारे अधिकारी त्यांना सहन होत नसत. १९७८ नंतर सात वर्षे त्यांचा एकही अल्बम निघाला नाही. १९८५ साली शेवटचा अल्बम आला आणि मग त्यांनी त्या व्यवसायाकडे पाठ फिरवली. गायक स्टिव्ही वंडर यांच्या हस्ते २०१५ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या नामवंत संगीतकारांच्या सन्मान-दालनात त्यांचा प्रवेश झाला. ३० मार्च २०२० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते हृदयविकाराने गेले. न पटणारे काम करण्यापेक्षा घरी बसणे त्यांनी पसंत केले याबद्दल मला आदर आहे. पण त्या ३५ वर्षांत त्यांचा एकही नवा अल्बम मिळाला नाही, याची चाहता म्हणून वाटणारी चुटपुट त्या आदराने काही कमी होत नाही.