तारेवर आधी कोण बोलणार?

[दृश्य: गाडीचे उघडलेले बॉनेट. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक तारा.]

इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक. प्रत्येकाचा कंट्रोलर वेगळा, पण बोलायला तारांची ही एकच जोडी. आणि एका वेळी एकालाच बोलता येतं.

चाकाचा वेग सांगणारा संदेश उशिरा आला की तो खोटाच ठरतो. चाक एव्हाना घसरायला लागलेलं असतं आणि ब्रेकचा दाब मघाच्या आकड्यावर ठरत असतो. त्यामुळे तारेवर नंबर कुणाचा आधी, हा इथे जिवाचा प्रश्न होतो.

बॉश या जर्मन कंपनीने 1986 मध्ये मांडलेल्या ‘कॅन बस’ने, म्हणजे सगळ्या कंट्रोलरना एकाच तारेवर बोलू देणाऱ्या पद्धतीने, याची जी तोड काढली, ती मला आजही थक्क करते. जरा सावकाश पाहू.

[दृश्य: ऑसिलोस्कोपचा पडदा. रेषा एकेक बिट पुढे सरकते.]

संदेशाच्या सुरुवातीला 11 बिटांचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. समजा, दोन कंट्रोलर एकाच क्षणी बोलू लागले. पहिला बिट दोघांचाही शून्य. दुसराही शून्य. तिसऱ्याला एकाने पाठवला ‘एक’, दुसऱ्याने ‘शून्य’. तारेवर दिसतो शून्य, कारण सर्किटची रचनाच अशी की शून्य एकाला दाबतो. ‘एक’ पाठवणारा बोलता बोलता तार ऐकतही असतो. आपण म्हटलं एक, ऐकू आलं शून्य! तो तिथेच गप्प होतो. जिंकणाऱ्याच्या संदेशाला साधा धक्काही लागत नाही.

[दृश्य: रेषा वेगाने धावू लागते.]

लहान आयडीचा नंबर आधी. मग तो द्यायचा कुणाला? महत्त्वाच्या संदेशाला, असं पटकन वाटतं. पण पाहायची असते मुदत. ज्याला सर्वांत लवकर पोहोचायचंय, त्याला सर्वांत लहान आयडी.

तरीही एक अडचण उरतेच. सुरू झालेला संदेश मध्ये तोडता येत नाही. 8 बाइट माहितीचा संदेश 135 बिटांपर्यंत जातो. सेकंदाला 5 लाख बिटांच्या तारेवर 270 मायक्रोसेकंद. तेवढं थांबणं सर्वांत तातडीच्या संदेशालाही चुकत नाही.

असा उशीर जास्तीत जास्त किती, याचं गणित केन टिंडेल, अ‍ॅलन बर्न्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 च्या सुमारास मांडलं. पुढे त्यात चूक सापडली. पुन्हा पुन्हा जाणाऱ्या संदेशाच्या पहिल्याच खेपेला सर्वाधिक उशीर होतो, असं धरलं होतं. कधीकधी तो नंतरच्या खेपेला होतो. ही चूक 2007 मध्ये जाहीरपणे दुरुस्त करणाऱ्या चौघांत बर्न्स स्वतः होते. मला याचं फार मोल वाटतं.

[दृश्य: तीन सेन्सर, एक तार. तिन्ही आकडे सतत हलताहेत.]

संशोधकांनी आणखी एक वाट काढली. आयडी कायमचा ठरवायचाच नाही. मागे कळवलेला आकडा आणि आत्ताचा खरा आकडा यांत ज्याचा फरक सर्वांत मोठा, तार त्याची. हरलेला संदेश रांगेत ठेवायचा नाही, सरळ टाकून द्यायचा. पुढच्या फेरीला तो सेन्सर येईल, तो ताजं मोजमाप घेऊन.