ठोकर कुठवर पोचली?

[दृश्य: रात्रीचा रस्ता. हेडलाइटच्या उजेडात आडवा पडलेला लाकडी ठोकळा.]

ताशी ८० किलोमीटर वेगानं निघालेली गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी पडलंय हे दिसून ते नेमकं काय आहे हे कळेपर्यंत ते चाकाखाली आलेलं असतं. धाडकन आवाज होतो, स्टिअरिंगला एक हिसका बसतो आणि पुढच्याच क्षणी सगळं पहिल्यासारखं. इंजिन चालू, टायरमध्ये हवा, गाडी पळतेय. चालवणारा ‘वाचलो’ म्हणतो आणि तसाच पुढे जातो.

खरं तर सुरक्षित जागा दिसताच त्यानं थांबायला हवं होतं. ती ठोकर टायरवर संपलेली नाही. टायरकडून रिमकडे, रिमकडून बेअरिंगकडे, तिथून नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो भाग), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), टाय रॉड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा), स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअबचा उभा खांब) असा तिचा प्रवास झालाय. या वाटेवर ती कुठे जिरली, तेवढंच आपल्याला शोधायचंय.

[दृश्य: वर्कशॉप. पुढचं डावं चाक जवळून.]

आधी टायर. लाकूड आणि रिमची कड यांच्या चिमट्यात टायरची बाजू सापडते. वरचं रबर लवचीक, ते सावरतं. आतले दोरे मात्र तुटतात आणि जिथे तुटले, तिथे हवेचा दाब रबराला बाहेर ढकलतो. हा बघा, लिंबाएवढा फुगा. याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. टायर बदलायचाच, आणि बदलेपर्यंत गाडी स्टेपनीवर चालवायची. काही टायरांच्या बाजूला खोलगट उभी रेघ दिसते, तिला घाबरायचं कारण नाही. ती बनवताना थर जोडल्याची खूण असते. आत गेलेलं चालतं, बाहेर आलेलं नाही.

मग रिम. बाहेरून चकचकीत आणि गोल दिसली म्हणून खूश होऊ नका. मार बऱ्याचदा आतल्या कडेला बसतो, आणि ती कड चाक उतरवल्याशिवाय दिसत नाही. लोखंडी रिम दबते. अलॉय रिम दबते तशी तडकतेही, आणि ती तडक केसासारखी बारीक असू शकते. साबणाचं पाणी लावा आणि घाई न करता बघत राहा. कडेपाशी बारीक बुडबुड्यांची माळ उठली, तर रोज थोडी थोडी हवा का उतरते याचं उत्तर मिळालं.

[दृश्य: चाक बॅलन्सिंग मशीनवर फिरतंय.]

आता थरथर. चाकाचा घेर साधारण १.९ मीटर धरला, तर ताशी ९० किलोमीटरला ते सेकंदाला १३ वेळा फिरतं. रिममधला एवढासा बाकही मग सेकंदाला १३ ठोके देतो. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवली तर पुढच्या चाकांवर संशय घ्यायचा, सीटखाली जाणवली तर मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर आली तर डिस्क बघायची. बॅलन्सिंगची वजनं ठोकरीत उडून पडली असतील तर काम थोडक्यात आटोपतं. पण वाकलेल्या रिमवर वजनं चिकटवून ती गोल होत नाही.

एक जुनी युक्ती अजूनही माझ्या विश्वासाची आहे. टायरला फुगा नसेल आणि चारही टायर एकाच मापाचे असतील, तर संशयातलं पुढचं चाक मागे लावा आणि मागचं पुढे. थरथर हातांतून निघून सीटखाली गेली, तर दोष चाकात. हातातच राहिली, तर चाकाला दोष देऊ नका, आत बघा.

[दृश्य: गाडी लिफ्टवर. मेकॅनिक दोन्ही हातांनी चाक हलवतोय.]

आत बघायचं म्हणजे हातानं बघायचं. चाक हवेत असताना वरून-खालून धरून हलवलं आणि खटखट लागली, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्म आणि नकल यांना जोडणारा सांधा. डावी-उजवीकडून धरून लागली, तर टाय रॉड किंवा स्टिअरिंगचा रॅक. वाकलेली गोष्ट ओळखायला सगळ्यात चांगली मोजपट्टी त्याच गाडीत असते, ती म्हणजे तिची दुसरी बाजू. डावा टाय रॉड उजव्याशी ताडून बघा, डावा आर्म उजव्याशी. स्ट्रटवर तेलाचा ओघळ आहे का? रंग उडून ताजा धातू उघडा पडलाय का? बुशचं, म्हणजे आर्म गाडीला जिथे जोडला जातो त्या सांध्यातलं रबर फाटलंय का? ब्रेकचा होज आणि चाकाच्या सेन्सरची वायर घासली गेली आहे का? इंजिनाचं चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडंही इथेच बघून घ्या, पण खालचं प्लास्टिकचं कव्हर काढून. तेल त्यात साचत राहतं आणि जमिनीवर थेंबही पडत नाही.

आमच्या या गाडीत खटखट नाही. सगळे सांधे घट्ट आहेत. पण स्टिअरिंग किंचित वाकडं धरलं तरच गाडी सरळ जाते, आणि सोडलं की डावीकडे ओढते.

[दृश्य: जमिनीवर मोजपट्टी, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत.]

पुढची चाकं सरळ ठेवून एक साधं माप घेऊ. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत जेवढं अंतर, त्यापेक्षा डाव्या बाजूला ९ मिलिमीटर कमी. दोन-चार मिलिमीटरचा फरक समजू शकतो. ९ मिलिमीटर म्हणजे पुढचं डावं चाक मागे ढकललं गेलंय.

आणि इथेच ती चूक होते, जिची मला मनापासून चीड आहे. गाडी ओढते ना, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जमवून घ्या. मशीनवर चढवतात, टाय रॉड फिरवून टो, म्हणजे चाकाचा डावा-उजवा रोख जमवतात, पडद्यावरचे आकडे हिरवे होतात. स्टिअरिंग सरळ, ग्राहक खूश. आणि वाकलेला पार्ट तसाच, रोजचे खड्डे सोसत. अलाइनमेंट दुरुस्तीनंतर करायची असते. दुरुस्तीच्या आधी मशीनचा उपयोग एकच, कुठे वाकलंय ते विचारायला.

[दृश्य: मशीनच्या पडद्यावर दोन्ही चाकांचे कोन.]

विचारू या. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावानं ओळखला जाणारा स्ट्रट असंख्य गाड्यांच्या पुढच्या चाकांना असतो, या गाडीलाही आहे. त्यात चाकाचा कल, म्हणजे कॅम्बर, आणि स्टिअरिंग ज्या अक्षावर फिरतं त्याचा कल, या दोन आकड्यांची बेरीज करायची. उजवीकडे अक्षाचा कल १३ अंश, कॅम्बर उणे ०.५, बेरीज १२.५. डावीकडे अक्षाचा कल १२.३, कॅम्बर अधिक ०.२, बेरीज तीच, १२.५.

ही बेरीज म्हणजे स्ट्रट आणि नकल यांच्यातला कोन. दोघं एकमेकांना बोल्टनं जखडलेले असतात. त्यातलं एक जरी वाकलं असतं, तरी बेरीज बदलली असती. ती बदललेली नाही, म्हणजे ते दोघं सरळ आहेत आणि संपूर्ण जोडी खालून आत सरकली आहे. खालून तिला धरून ठेवतो लोअर आर्म. संशयित उरले दोन, आर्म किंवा तो जिथे बसतो ती गाडीखालची चौकट, म्हणजे सबफ्रेम. सबफ्रेमची मापं बरोबर निघाली.

[दृश्य: फरशीवर दोन लोअर आर्म शेजारी शेजारी, एक नवा, एक काढलेला.]

गाडीखाली उभं राहून हा बाक दिसत नव्हता. नव्या आर्मशेजारी ठेवला, बुशची भोकं जुळवली, आणि बॉल जॉइंटचं टोक बाजूला पडलेलं दिसलं. गरम करून, ठोकून हा आर्म सरळ करता येतो, असं म्हणणारे भेटतील. करू नका. धातू एकदा दुमडला की त्याची पहिली ताकद परत येत नाही, आणि हा आर्म सुटला तर चाक जागेवर राहत नाही.

नवा आर्म बसवताना बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट, आता तिची खरी वेळ. चाकाचा रोख एका अंशानं जरी चुकला, तरी टायर दर किलोमीटरला सुमारे १७ मीटर आडवा घासला जातो. नवा टायर असा झिजवायचा नसेल तर टो काटेकोर जमवायचा.

[दृश्य: गाडी पुन्हा रस्त्यावर. आतून दिसणारं सरळ स्टिअरिंग.]

५० ते १०० किलोमीटर चालल्यावर चाकाचे नट पान्यानं पुन्हा तपासायचे. मात्र एका गोष्टीचं उत्तर आज मिळणार नाही. १९०० साली योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यानं धातूचा कठीणपणा मोजायची रीत मांडली. पोलादी गोळी धातूवर दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. ठोकरीच्या क्षणी बेअरिंगमध्ये नेमकं हेच घडलेलं असू शकतं. गोळ्यांनी आपल्या वाटेवर खळगे पाडलेले असतात, हाताला प्ले (ढिलेपणा) लागत नाही, आणि काही आठवड्यांनी बारीक घूंऽऽ सुरू होते. वेगाबरोबर ती चढत जाते. उजव्या वळणावर भार डाव्या चाकावर येतो, त्या वेळी ती वाढली तर बेअरिंग डावं.

म्हणून पुढचे काही आठवडे ही गाडी काचा बंद, गाणी बंद ठेवून चालवायची, आणि प्रत्येक लांब उजव्या वळणावर कान द्यायचा.