जुना ॲम्प काढताय? आधी त्याचं दुखणं तरी ओळखा

नमस्कार मंडळी. हा टेबलावर बसलाय तो माझा ॲम्प्लिफायर. वय साधारण चाळीस. वजन असं की शेजारच्या खोलीतून इथवर आणताना मधे दोनदा टेकवला. मागच्या वर्षी मी हा काढून टाकायच्या बेतात होते, नवीन कुठला घ्यायचा त्याची यादीसुद्धा तयार होती. का, तर डावा स्पीकर मधेच गप्प व्हायचा.

पण गंमत बघा. तो गप्प व्हायचा फक्त हळू आवाजात. व्हॉल्यूम झटकन वाढवला की फट्‌ करून परत यायचा आणि मग तासभर एकदम शहाण्यासारखा.

(झाकण काढलेलं, रिलेचा क्लोज-अप)

ही प्लास्टिकची डबी दिसतेय ना, तो स्पीकर प्रोटेक्शन रिले, म्हणजे स्पीकर वाचवणारा आपोआप चालणारा स्विच. ॲम्प चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी 'टक्' वाजतं, ते ह्याचं. आत काही बिघडलं तर स्पीकरचं कनेक्शन लगेच तोडायचं, हे ह्याचं काम. आता स्पीकरकडे जाणारा सगळा करंट ह्याच्या एवढ्याशा कॉन्टॅक्टमधून जातो, आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर काळपट थर चढत राहतो. हळू आवाजात करंटला तो थर भेदता येत नाही. आवाज वाढवला की तो जोर लावून वाट काढतो. रिले बदलला, विषय संपला. अख्ख्या ॲम्पमधला हा किरकोळ पार्ट, आणि मी निघाले होते ॲम्पच काढायला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तेव्हापासून मला कुणी विचारलं, "जुना ठेवू की नवा घेऊ?" की मी उलट विचारते, तुम्हाला नेमका त्रास काय होतोय?

नॉब फिरवताना खरखर येते? व्हॉल्यूम कंट्रोलमधल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि मळ बसलाय. ॲम्प बंद करा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यानंही फरक पडतो. नाही पडला तर कॉन्टॅक्ट क्लीनर. हात जोडून सांगते, गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ आणखी चिकटते.

घरघर येते? मग आधी मागच्या सगळ्या इनपुट वायरी काढा. घरघर गेली, तर दोष वायरीत किंवा जोडलेल्या उपकरणात आहे, ॲम्पला बोल लावू नका. वायरी काढून आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही राहिली, तर पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्यांवर, संशय घ्या. 50 हर्ट्‌झच्या विजेवर ही घरघर 100 हर्ट्‌झची असते. कंडेन्सरचं आयुष्य वर्षांत कमी आणि उष्णतेत जास्त मोजायचं असतं. ढोबळ हिशोब असा, की तापमान 10 अंशांनी उतरलं तर आयुष्य जवळजवळ दुप्पट. म्हणजे कपाटात कोंबलेला ॲम्प मोकळ्यावर ठेवलेल्याच्या आधी म्हातारा होतो.

"वय झालंय, सगळेच कंडेन्सर बदलून टाकू" म्हणणारे मेकॅनिक भेटतील. मला हे पटत नाही. जुन्या बोर्डावर पुन्हापुन्हा सोल्डर सोडवलं की तांब्याच्या पट्ट्या उचकटतात, आणि चांगल्या ॲम्पला नवीन आजार लागतो. मोजून जो खराब निघेल तो बदला.

मोजण्यावरून आठवलं. झाकण न उघडता करायची एक तपासणी आहे, जुन्या ॲम्पच्या प्रत्येक मालकानं करावी अशी: स्पीकरकडे नको असलेला डीसी व्होल्टेज जातोय का, ते बघायची. स्पीकरच्या वायरी काढा, व्हॉल्यूम शून्य, ॲम्प दहा मिनिटं चालू ठेवा. मग मल्टीमीटर डीसीच्या 2 व्होल्ट रेंजवर ठेवून एका चॅनेलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलवर टेकवा. मग दुसऱ्या चॅनेलवर. दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर निवांत गाणी ऐका. 100 च्या वर गेलं तर दाखवून घ्या. थेट व्होल्टमध्ये आलं तर स्पीकर जोडूच नका, कॉइल जळेल. आणि झाकण उघडायची हौस असेल तर लक्षात ठेवा, प्लग काढल्यावरही त्या मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज शिल्लक असतो.

बरं, बिघाड काहीच नाही, पण "माझा 30 वॉटचाच आहे, 60 चा घेतो" असं मनात असेल तर? दुप्पट वॉट म्हणजे फक्त 3 डेसिबल जास्त. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद, 300 वॉट! उलट 86 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (म्हणजे तेवढ्याच वॉटवर किती मोठा वाजतो त्याचा आकडा) स्पीकर काढून 92 चा लावला, तर त्याच ॲम्पवर चौपट वॉटचा परिणाम मिळतो. 1978 साली आलेला एनएडी कंपनीचा 3020 हा ॲम्प कागदावर 20 वॉटचा होता. लोक आजही तो शोधत फिरतात.

दुकानात नवा ॲम्प जास्त छान वाटला असेल, तर दोन्हींचा आवाज समान करून ऐकलात का ते सांगा. एखाद डेसिबलनं मोठा वाजणारा नेहमीच "खुललेला" वाटतो.

ब्लूटूथ नाही ही तक्रार मात्र मी तक्रार मानतच नाही. छोटा ब्लूटूथ रिसीव्हर किंवा डॅक (डिजिटल गाणं ॲम्पला कळेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी डबी) आणा, मागच्या ऑक्स इनपुटमध्ये लावा. ट्यूनर किंवा सीडीच्या इनपुटलाही चालेल. फोनोला नाही! ते रेकॉर्ड प्लेयरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं, आवाज फाटेल. आणि ऑक्सवर नॉब पावभर फिरवताच घर दणाणलं तर हुरळून जाऊ नका. जुनं इनपुट 150-200 मिलिव्होल्टची वाट बघत असतं, नवीन डॅक सहज 2 व्होल्ट देतो.

काढायचा कधी? ट्रान्सफॉर्मर जळला तर. किंवा स्पीकरला ताकद देणाऱ्या आउटपुटला एसटीके आयसी (सगळं काम एकाच चिपमध्ये) असेल आणि तोच उडाला असेल तर. ते आयसी बनायचे बंद झालेत, बाजारात डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे, आणि डुप्लिकेट टाकलेला ॲम्प जाताना स्पीकरही घेऊन जाऊ शकतो. तिथे जीव अडकवू नका. रिमोट हवाय, किंवा दुरुस्तीच्या फेऱ्या मारायचा कंटाळा आलाय, तरीही खुशाल नवा घ्या. फक्त "जुन्याचा आवाज गेला होता" असं सांगू नका.

(झाकण बसवताना)

चला, लावते मी स्पीकर. स्विच टाकला. एक... दोन... तीन...

टक्.

डावीकडे कान द्या.