पायोनियर आणि जिन्याखालची खोकी

[दृश्य: चुंबकीय फितीचं रीळ फिरताना, अगदी जवळून]

हे रीळ नीट बघा. आपण बघतोय ती फीत पायोनियर यानांच्या काळातली आहे, त्या यानांची नव्हे. पण अशाच फितींवर नासाच्या त्या दोन यानांची, पायोनियर १० आणि ११ ची, खबरबात उतरवलेली होती. गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलावा लागणार का, हा प्रश्न त्या यानांनी उभा केला. त्याचं उत्तर अशा रिळांवर कित्येक वर्षं पडून होतं.

[दृश्य: रात्रीचं उड्डाण, मग गुरूची छायाचित्रं]

मार्च १९७२. पायोनियर १० निघालं. लघुग्रहांचा पट्टा ओलांडून डिसेंबर १९७३ मध्ये ते गुरूपाशी पोहोचलं. तिथवर गेलेलं हे पहिलंच यान. मागोमाग निघालेलं पायोनियर ११ गुरूवरून पुढे शनीला भेटून आलं. मग दोघं एकमेकांकडे पाठ करून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली.

[दृश्य: यानाची प्रतिकृती, स्वतःभोवती फिरताना]

पायोनियर फिरतं ते भोवऱ्यासारखं. फिरतोय तोवर भोवरा कलंडत नाही. तसंच हे यान न डळमळता आपली पावणेतीन मीटरची थाळी, म्हणजे रेडिओलहरींची अँटेना, पृथ्वीकडे रोखून राहायचं. नासाच्याच व्हॉयेजर यानांना तोल सांभाळायला सारखे वायूचे बारीक झोत सोडावे लागतात, आणि दर झोतानं गतीचा हिशेब किंचित बिघडतो. पायोनियरला महिनोन्महिने हात लावावा लागत नसे. म्हणूनच सूर्याच्या ओढीखेरीज दुसरं काही त्याला खेचत असेल, तर ते लपणं कठीण होतं.

[दृश्य: गोल्डस्टोन, कॅलिफोर्निया. ७० मीटरची थाळी वळताना]

इथून रेडिओलहर जाते, यान ती परत पाठवतं. परतलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली, त्यावरून यानाचा वेग कळतो. १९८० च्या सुमारास नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या जॉन अँडरसन यांना या हिशेबात फरक दिसू लागला. यानाचा वेग हवा त्यापेक्षा जरा जास्त घटत होता. पृथ्वी आपल्याला जितकं खेचते, त्याच्या हजार कोटीव्या भागाहूनही कमी अशी एक जादा ओढ, सूर्याच्या दिशेनं. पण एवढ्याशा ओढीनंही यान एका वर्षात चारशेहून जास्त किलोमीटर मागे पडतं.

१९९८ मध्ये अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे छापलं, आणि नव्या सिद्धांतांना बळ आलं. ओढ फार क्षीण झाली की न्यूटनचा नियमच बदलतो, असं इस्रायलचे मोर्डेहाय मिल्ग्रोम १९८३ पासून सांगत होते. दीर्घिकांच्या कडेचे तारे एवढ्या वेगानं कसे फिरतात, हे त्यांना कृष्णद्रव्याशिवाय, म्हणजे न दिसणारं जादा द्रव्य न मानता, उलगडायचं होतं. पायोनियरची ओढही तशीच क्षीण. मग नियम खरंच बदलत असेल का?

[दृश्य: खोकी, रिळं, पिवळे पडलेले आराखडे]

आता थोडं थांबू. हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर ठेवला आहे.

२००२ च्या सविस्तर अभ्यासात पायोनियर १० ची साडेअकरा वर्षांचीच नोंद वापरलेली होती. आधीची कुठे गेली? जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले शास्त्रज्ञ स्लावा तुरिशेव शोधत निघाले. तिथेच जिन्याखाली खोकी होती, आणि खोक्यांत फिती. त्या वाचणारी यंत्रं केव्हाच मोडीत निघालेली. ती यंत्रं मिळवायची, फिती वाचायच्या, जुन्या पद्धतीनं लिहिलेले आकडे आजच्या संगणकाला कळतील असे करायचे, आणि त्यातले चुकलेले वेगळे काढायचे. यात वर्षं गेली.

दुसरी नोंद यानाच्या तब्येतीची: कुठला भाग किती गरम, कुठे किती वीज चालली आहे. मोहीम संपल्यावर अशी नोंद कोण सांभाळतं? लॅरी केलॉग यांनी सांभाळली. पायोनियरच्या चमूतलेच ते. फितींवरची माहिती त्यांनी वेळोवेळी नव्या साधनांवर उतरवून ठेवली. सगळी मिळून सुमारे ४० जीबी, आज कुणाच्याही खिशातल्या फोनमध्ये मावेल एवढी. कॅनडातले प्रोग्रॅमर व्हिक्टर टॉथ यांनी ती उलगडली. खर्चाला प्लॅनेटरी सोसायटी या अंतराळप्रेमींच्या संस्थेच्या सभासदांच्या देणग्यांचा हातभार लागला.

[दृश्य: यानाचं संगणकीय चित्र. गरम भाग लाल, थंड भाग निळे]

लाल दिसतंय ते प्लुटोनियम. त्याच्या उष्णतेवरच यानाची वीज चालते. उष्णता बाहेर पडते तेव्हा यानाला उलटा धक्का बसतो, बंदुकीचा दस्ता खांद्याला बसतो तसा, फक्त अतिशय हलका. यंत्रांच्या पेटीतली उष्णता थाळीच्या मागच्या बाजूनं जाते. प्लुटोनियमची काही उष्णता थाळीच्या पाठीवर आदळून तिकडेच वळते. म्हणजे सूर्यापासून दूर. मग धक्का कुठे? सूर्याकडे. साठ-पासष्ट वॉट एका दिशेनं जास्त गेले, की झालं. जुन्या घरातल्या एका पिवळ्या बल्बाएवढे.

जुन्या फितींनी आणखी एक गोष्ट दाखवली: ही ओढ वर्षागणिक कमी होत होती. प्लुटोनियम निवत जातं, तशीच. २०१२ मध्ये तुरिशेव, टॉथ आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापला. जादा ओढ यानाच्या स्वतःच्याच उष्णतेची होती. नव्या सिद्धांतांचा एक आधार गेला. न्यूटन-आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण होतं तिथेच राहिलं.

[दृश्य: अंधारात दूर जाणारं यान]

पायोनियर १० चा शेवटचा क्षीण संदेश २३ जानेवारी २००३ रोजी पोहोचला. तेव्हा ते १२०० कोटी किलोमीटरांपलीकडे होतं. त्यातलं प्लुटोनियम अजून गरम आहे. निघताना होती त्याच्या जवळपास दोन-तृतीयांश उष्णता त्यात शिल्लक आहे, आणि तिचा तो बारीक धक्का चालूच आहे.

[दृश्य: रीळ थांबतं]