सहा फूट रुंद, चार फूट उंच

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी आठ वर्षांची होती. टोरांटोजवळच्या एका रिंकवर, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मैदानावर, तिच्या प्रशिक्षकांनी मुलांना विचारलं, "या आठवड्यात गोलमध्ये कोण?" अगदी लहान मुलांच्या संघात तिकडे ही पाळी फिरती असते. पॅडची ती भलीमोठी बॅग दर आठवड्याला एका घरातून दुसऱ्या घरी जाते. बाकीची मुलं आपापल्या स्केट्सकडे बघायला लागली आणि आमच्या बाईंनी हात वर केला. पुढची नऊ वर्षं ती बॅग आमच्याच घरी राहिली. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला रिंकच्या गारठलेल्या खोलीत गुडघे टेकून तिच्या पॅडचे पट्टे आवळायचे, हे माझं काम. ते करता करता मी या गोली लोकांविषयी, म्हणजे गोलरक्षकांविषयी, मिळेल ते वाचायला लागले. नऊ वर्षांत जे साठलं, त्यातलं मनात रुतून बसलेलं आज सांगते.

आधी थोडं खेळाविषयी. बर्फावरच्या हॉकीत गोलचं तोंड सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. चेंडूऐवजी पक असतो, म्हणजे कडक रबराची चकती. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन साधारण १६० ग्रॅम, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूइतकंच. बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. मोठ्या स्पर्धांत जोरात मारलेली चकती ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे सहज जाते. शिवाय समोर पाचसहा माणसं धक्काबुक्की करत असतात. कुणाच्या तरी स्टिकला लागून ती वळते, तेव्हा ती दिसेपर्यंत अंगावर आलेली असते.

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना एकनाथ सोलकर आठवत असतील. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर, डोक्यावर हेल्मेट नाही. २७ कसोटींत ५३ झेल. ते बघताना आपल्या पोटात गोळा यायचा ना? कॅनडा-अमेरिकेच्या व्यावसायिक हॉकीत, नॅशनल हॉकी लीगमध्ये, १९५९ पर्यंत जवळजवळ प्रत्येक गोली रोज रात्री असाच, उघड्या चेहऱ्याने उभा राहायचा.

का? बहुतेक पुस्तकं सांगतात की तो मर्दानगीचा काळ होता. मला ते पटत नाही. माझ्या मते उत्तर हिशेबात आहे. संघापाशी गोली एकच असायचा आणि ती जागा रिकामी ठेवून खेळ चालत नाही. त्यामुळे त्या माणसाला दुखापत व्हायची परवानगीच नव्हती. लागलं की खेळ थांबवायचा, आत नेऊन टाके घालायचे आणि पुन्हा उभं करायचं. प्रेक्षक तोवर थांबत.

टाके घालूनही भागलं नाही तर काय व्हायचं, हे १९२८च्या एप्रिलमध्ये माँट्रिऑलला दिसलं. स्टॅनली कपची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची, अंतिम मालिका, दुसरा सामना. न्यूयॉर्क रेंजर्सचा गोली लॉर्न शाबो याच्या डोळ्यावर पक बसला आणि त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. ओटावा संघाचा उत्तम गोली अॅलेक कॉनेल त्या वेळी प्रेक्षकांत बसला होता. पण त्याला खेळवायला प्रतिस्पर्धी माँट्रिऑल मरून्सची संमती लागत होती आणि त्यांनी ती दिली नाही. तेव्हा रेंजर्सचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्वतः पॅड बांधून उतरले. वय ४४, केस पांढरे, उमेदीची वर्षं बचावपटू म्हणून गेलेली. त्यांच्यावर एकच गोल झाला, सामना जादा वेळेत गेला आणि रेंजर्सनी तो २-१ असा जिंकला. पुढे कपही जिंकला. लोक ही गोष्ट मजेने सांगतात. मला मात्र त्या रात्री हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेला शाबो आठवत राहतो.

यानंतरही संघासोबत दुसरा गोली तयार ठेवायचा नियम यायला १९६५ उजाडलं. मधल्या काळात, १९४२ पासून पंचवीस वर्षं, लीगमध्ये संघच सहा होते. म्हणजे जगात या कामाच्या सहा नोकऱ्या. टेरी सॉचुक हा डेट्रॉइटचा गोली, त्या पिढीतला सर्वश्रेष्ठ म्हणावा असा. १९५५ साली त्याने संघाला कप जिंकून दिला आणि त्याच उन्हाळ्यात संघाने त्याला बॉस्टनकडे देऊन टाकलं, कारण ग्लेन हॉल नावाचा तरुण मागे तयार उभा होता. सॉचुकच्या जागी आलेल्या हॉलने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तो ऑक्टोबर १९५५ पासून नोव्हेंबर १९६२ पर्यंत, आधी डेट्रॉइटकडून आणि मग शिकागोकडून, लीगचे सलग ५०२ सामने पूर्ण खेळला. एकही चुकवला नाही, आणि सगळे मास्कशिवाय. हा विक्रम आजही अबाधित आहे आणि पुढेही कोणी मोडेल असं वाटत नाही. याच हॉलला सामन्याआधी उलट्या व्हायच्या, जवळजवळ प्रत्येक सामन्याआधी. सलग ५०२ सामन्यांमागे केवढी भीती असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. सामन्यांची भीती वेगळी आणि सामना चुकवण्याची वेगळी.

आता मास्ककडे येते. चेहरा झाकून गोलमध्ये उभं राहिल्याची पहिली नोंद एका मुलीची आहे, हे मला कळलं तेव्हा मी मुलीला झोपेतून उठवून सांगितलं होतं. १९२७ साली कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाची खेळाडू एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीची जाळी तोंडावर चढवून खेळली. दातांवर नुकतेच उपचार झाले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून, असं सांगतात. किती साधं, शहाणं कारण! त्यानंतर १९३० मध्ये मरून्सच्या क्लिंट बेनेडिक्टने नाक आणि गालाचं हाड मोडल्यावर चामड्याचा मास्क लावला, पण नाकावरच्या उंचवट्यामुळे खालचा पक दिसेना, म्हणून काही सामन्यांतच तो काढून ठेवला.

आणि मग झाक प्लांत. क्यूबेकच्या गरीब घरातला, अकरा भावंडांतला थोरला. लहानपणी दमा, त्यामुळे फार वेळ स्केटिंग झेपेना, म्हणून गोलमध्ये आला. घरच्या गरजेपोटी विणकाम शिकला आणि लोकरीच्या टोप्या स्वतः विणून घालायचा. माँट्रिऑल कॅनेडियन्सने बोलावलं तेव्हा प्रशिक्षकांनी ती टोपी घालून खेळायला मनाई केली. गोल सोडून मागे जाऊन पक अडवणं आणि सहकाऱ्याकडे ढकलणं ही त्याचीच सवय; आज सगळे गोली ते करतात. प्लांतने फायबरग्लासचा मास्क करवून घेतला होता, पण प्रशिक्षक टो ब्लेक तो फक्त सरावात लावू देत. मास्कमुळे नजर अडते, शिवाय तो घालणारा घाबरट दिसतो, असं त्यांचं मत.

१ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पहिल्याच सत्रात न्यूयॉर्कच्या अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या नाकावर बसला. त्याला आत नेऊन टाके घातले. प्लांत म्हणाला, मास्क लावूनच बाहेर येईन, नाहीतर येणार नाही. ब्लेक संतापले. पण करणार काय? संघाकडे दुसरा गोली नव्हता. फार तर यजमानांनी हाताशी ठेवलेला एखादा हौशी माणूस मिळाला असता. इतकी वर्षं ज्या हिशेबाने गोलींना वेठीला धरलं, तोच हिशेब त्या रात्री त्यांच्यातल्या एकाच्या कामी आला. मला या सगळ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत प्रिय आहे. त्याने आरडाओरडा केला नाही, फक्त त्या सहा फुटी जागेची किंमत मागितली.

माँट्रिऑल ३-१ जिंकलं. जखम भरली की मास्क काढायचा, असं ठरलं होतं. पण संघ हरेचना. अपराजित सामन्यांची मालिका अठरापर्यंत गेली. ८ मार्च १९६० ला ब्लेक यांच्या आग्रहाखातर प्लांत डेट्रॉइटविरुद्ध उघड्या चेहऱ्याने उतरला आणि संघ ३-० असा हरला. दुसऱ्या दिवशी मास्क परत आला तो कायमचा. त्या मोसमात माँट्रिऑलने सलग पाचव्यांदा कप जिंकला. तरीही बाकीच्यांना पटायला वेळ लागला. लीगमध्ये मास्कशिवाय खेळलेला शेवटचा गोली अँडी ब्राउन, एप्रिल १९७४ मध्ये. तोवर 'लाइफ' मासिकाने १९६६ साली सॉचुकचा एक फोटो छापला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा कारकिर्दीतला एकेक टाका रंगभूषाकाराने पुन्हा रेखाटून दाखवला होता. तो फोटो जरूर शोधून बघा, पण जेवणानंतर नको. बॉस्टनच्या गेरी चीव्हर्सने हेच उलटं केलं. पक मास्कवर बसला की तिथे काळ्या रंगाने टाके काढायचे. मास्क नसता तर इथे किती पडले असते, याचा हिशेब. मुलीच्या पहिल्या मास्कवर आम्ही मायलेकींनी तसेच टाके मार्करने काढले होते.

मास्कने चेहरा वाचला, गळा उघडाच होता. २२ मार्च १९८९ ला बफेलोमध्ये गोलसमोरच्या झटापटीत एका खेळाडूच्या स्केटचं पातं बफेलोचा गोली क्लिंट मॅलार्चक याच्या मानेवरून गेलं. शीर कापली गेली. बर्फावर रक्ताचं थारोळं झालं. संघाचे ट्रेनर जिम पिझुटेली व्हिएतनाम युद्धात लष्करी वैद्यकीय सेवेत होते; त्यांनी बोटांनी शीर दाबून धरली आणि माणूस वाचला. मॅलार्चकला वाटलं होतं आपण मरतोय. त्याची आई सामना टीव्हीवर बघत होती, म्हणून तिच्या डोळ्यांदेखत मरू नये यासाठी त्याला कसंही करून बर्फावरून बाहेर पडायचं होतं.

(इथे मी जरा थांबते.)

दोन आठवड्यांच्या आत तो पुन्हा गोलमध्ये होता. टाळ्या पडल्या. मनाच्या जखमेबद्दल कुणी विचारलं नाही. पुढे अनेक वर्षं तो भीती, नैराश्य आणि मनात त्याच त्या विचारांचं चक्र फिरवणाऱ्या आजाराशी झगडला. जीव द्यायचाही प्रयत्न केला. आता तो याविषयी उघडपणे बोलतो, आणि त्याचं ऐकून किती खेळाडूंनी मदत मागितली असेल. माझ्या लेखी हे त्याने अडवलेल्या सगळ्या फटक्यांपेक्षा मोठं आहे.

शेवटी एका आईची गोष्ट. आज प्रत्येक संघाकडे दोन गोली असतात, पण दोघेही जखमी झाले तर? यासाठी २०२० साली रिंकवर एक हौशी गोली हजर ठेवत, दोन्ही संघांसाठी एकच. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरांटोत कॅरोलिना हरिकेन्सचे दोन्ही गोली एकाच सामन्यात जायबंदी झाले. खाली बोलावणं गेलं डेव्हिड एअर्सला. वय ४२. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी त्याने चालवलेली, तीही टोरांटोच्याच दुय्यम संघाच्या रिंकवर. म्हणजे ज्यांच्या सरावात तो उभा राहायचा, त्याच टोरांटोविरुद्ध त्याला खेळायचं होतं. २००४ साली त्याची किडनी बदलली होती, आणि ती दिली होती त्याच्या आईने.

त्याच्यावर आलेले पहिले दोन फटके सरळ गोलमध्ये गेले. आम्ही घरी टीव्हीसमोर उभे होतो. मुलगी म्हणाली, "आई, त्याचे पाय जागेवर नाहीत अजून." कॅरोलिनाच्या खेळाडूंनी मधल्या विश्रांतीत त्याला सांगितलं की मजा कर, किती गोल होतात त्याची फिकीर नको. तिसऱ्या सत्रात ते त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहिले. पुढचे आठही फटके त्याने अडवले. कॅरोलिना ६-३ जिंकलं. ड्रेसिंग रूममध्ये तो शिरला तेव्हा सगळ्या संघाने त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या, आणि तो ओलाचिंब, हसत उभा होता. त्याची त्या रात्रीची स्टिक नंतर हॉकी हॉल ऑफ फेमने मागून घेतली.