तांत्रिक वार्तापत्रात विषयाबाहेरचे संपादकीय असावे का?

नमस्कार. डेटाबेस आणि लिनक्स या विषयांवरचे जे वार्तापत्र मी ईमेलने पाठवते, त्यातल्या संपादकीयावरून बरेच दिवस तुमच्या प्रतिक्रिया येत आहेत, म्हणून आजचा व्हिडिओ केवळ त्याच प्रश्नासाठी आहे. एका प्रेक्षकाने लिहिले आहे, "आम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस शिकण्यासाठी नाव नोंदवले, तुमच्या आजोळच्या जत्रेचे वर्णन वाचण्यासाठी नाही." त्याखालीच दुसऱ्या एका दादांनी उत्तर दिले आहे की ते आधी संपादकीय वाचतात आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, नंतर, सवड मिळाली तर. या दोघांनाही मी चुकीचे ठरवणार नाही, कारण दोघांनाही एकाच पत्रातून आपल्याला हवे ते मिळू शकते, असे माझे ठाम मत आहे.

वार्तापत्र म्हणजे काय, ते कोणत्या सेवेतून पाठवतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझे उत्तर आधीच सांगते: तांत्रिक वार्तापत्रात वैयक्तिक, अगदी विषयाबाहेरचे संपादकीयसुद्धा जरूर असावे, मात्र ते संपादकीय आहे आणि कुठून कुठपर्यंत आहे, हे वाचकाला वाचायला लागण्यापूर्वी कळले पाहिजे. या वाक्याचा पूर्वार्ध सगळ्यांना आवडतो आणि उत्तरार्ध कोणी पाळत नाही.

आधी पूर्वार्ध. 1975 साली सुरू झालेल्या 'बाइट' या अमेरिकी मासिकात जेरी पुर्नेल हे विज्ञानकथालेखक 'केऑस मॅनर' या आपल्या घरातून स्तंभ लिहीत असत. आपल्या संगणकांना ते नावे देत, आणि त्यांचा सीपी/एम या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा 'इझिकिएल' वाचकांना घरातल्या माणसाइतका परिचित झाला होता. कोणते यंत्र ऐनवेळी अडले, कोणत्या सॉफ्टवेअरने छळले, हे ते स्वतःच्या दिनक्रमाच्या ओघात सांगत. लिहिणाऱ्याचा स्वभाव आणि त्याच्या आवडीनिवडी ठाऊक असल्यामुळे त्याच्या तक्रारीला किती वजन द्यायचे हे वाचकाला ठरवता येई, आणि ही सोय चाचण्यांच्या कोणत्याही तक्त्यात नसते.

दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की, फायली आकुंचित करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, लपवलेला आहे. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाने, लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या धाग्यावरून ते तिथपर्यंत पोहोचले होते. ही तांत्रिक बाजू तुम्ही ऐकली असेल. परंतु त्याआधी, जून 2022 मध्ये, हे साधन वर्षानुवर्षे सांभाळणारे लासे कॉलिन यांनी लिहिले होते की, दीर्घकाळच्या मानसिक आरोग्याच्या त्रासामुळे त्यांना पूर्वीसारखे लक्ष देता येत नाही आणि हे काम बिनपगारी छंद म्हणून चालते. त्याच काळात काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे घाई लावली, 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी मदतीला पुढे आले, त्या नावाकडे हळूहळू अधिकार गेले आणि चोरदरवाजा त्याच नावाने आत शिरला. कॉलिन यांचे ते मोजके शब्द मी पुन्हा वाचते तेव्हा आजही गलबलून येते. वैयक्तिक म्हणून जे बाजूला सारले जाते, त्यातच त्या संपूर्ण दुर्घटनेचे कारण होते, म्हणून "फक्त तांत्रिक तेवढेच लिहा" हा आग्रह मला मान्य होत नाही.

आता उत्तरार्ध, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

डिसेंबर 2021 मध्ये 'लॉगफोरजे' या जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी उघड झाली, तो शनिवार-रविवार अनेकांनी सर्व्हरसमोर बसून काढला. त्या दिवसांत मी नेमाने वाचत असलेल्या एका वार्तापत्राचा अंक आला. इनबॉक्समध्ये विषयाच्या ओळीशेजारी मजकुराची जी अर्धीमुर्धी ओळ दिसते, तिथे संपादकांच्या कौटुंबिक सहलीचे पहिले वाक्य होते. आत सहलीचे सविस्तर वर्णन, मग प्रायोजकाची जाहिरात, आणि त्याखाली कोणती आवृत्ती घ्यावी याची सूचना. 2.15.0 या दुरुस्त आवृत्तीने पूर्ण भागत नाही म्हणून 2.16.0 आणि 2.17.0 पाठोपाठ येत होत्या, अशा वेळी ती सूचना शोधण्यासाठी मला मोबाइलवर बोट झिजवावे लागले. सहलीचा लेख वाईट नव्हता. तो चुकीच्या जागी होता, आणि ज्याला घाई होती त्याला आधी कळण्याची काही सोयच नव्हती.

मराठीत लिहिणाऱ्यांना तर जागेचा प्रश्न अधिक जाचतो. जीमेल सुमारे 102 किलोबाइटच्या पुढचे पत्र कापते आणि उरलेले पाहण्यासाठी खाली दुवा ठेवते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'स्त्री' एवढे लिहिले तरी सहा चिन्हे आणि अठरा बाइट होतात. पत्राच्या साच्यातले एचटीएमएल, म्हणजे मांडणीचा कोड, वेगळेच. लांबलचक संपादकीय वर ठेवले, की कापला जाणारा भाग नेमका तांत्रिक असतो. म्हणून संपादकीय शेवटी ठेवा, किंवा वर ठेवायचेच असेल तर दोन परिच्छेदांत आटोपा आणि त्याच्याही वर एका ओळीत अंकातल्या तातडीच्या गोष्टी सांगा.

हीच गोष्ट जुन्या अंकांच्या बाजूने पाहा. वार्तापत्र आले त्या दिवशीच वाचले जाते असे नाही. दोन वर्षांनी कोणीतरी 'डेडलॉक' (दोन कामे एकमेकांसाठी अडून बसणे) हा शब्द शोधत तुमच्या जुन्या अंकापर्यंत पोहोचते. त्या अंकाचे शीर्षक 'पहिला पाऊस' असे असेल, तर आत नेमके काय आहे हे त्या बिचाऱ्याला कसे कळणार? अंकाला तांत्रिक शीर्षक द्या आणि संपादकीयाला त्याचे स्वतःचे.

आणि तिसऱ्या बाजूने पाहिले, तर ज्याचा मला सर्वाधिक राग येतो तो प्रकार समोर येतो. लेखकाला मुलीला सायकल शिकवण्याबद्दल लिहायचे असते, पण तांत्रिक वार्तापत्रात ते कसे लिहावे असा संकोच वाटतो, म्हणून तो शेवटच्या परिच्छेदात बॅकअपचे महत्त्व ओढूनताणून आणून बसवतो. तांत्रिक वाचकाला बॅकअपबद्दल नवे काही मिळत नाही, आणि मुलीचा तो पहिला तोल सावरल्याचा क्षणही वाया जातो. सायकलबद्दल लिहायचे असेल तर मनापासून सायकलबद्दलच लिहा, वर 'संपादकीय' असा ठळक मथळा द्या आणि बॅकअपला त्याची स्वतंत्र जागा द्या. मराठी वृत्तपत्रांचा वाचक अग्रलेख कोणत्या पानावर असतो हे जाणतो. ज्याला हवा तो तिथे जातो आणि ज्याला क्रिकेटचा निकाल हवा तो थेट शेवटचे पान उघडतो.

हे नीट करणारे लोक आहेत. ब्रूस श्नायर 1998 पासून 'क्रिप्टो-ग्राम' हे संगणक-सुरक्षेवरचे मासिक वार्तापत्र लिहितात. 11 सप्टेंबर 2001 च्या अमेरिकेवरील हल्ल्यांबद्दल त्यांना जे सांगायचे होते, त्यासाठी त्यांनी 30 सप्टेंबर 2001 रोजी स्वतंत्र विशेषांक काढला आणि तो कशाबद्दल आहे हे सुरुवातीलाच सांगितले. ब्रॅम मोलेनार यांनी स्वतः तयार केलेल्या 'विम' या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन ठेवले. कोडशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण ते एका ओळीत आहे, सविस्तर माहिती वेगळ्या आदेशामागे आहे, आणि पहिले अक्षर टंकताच ते नाहीसे होते. मोलेनार 2023 मध्ये गेले, ती ओळ अनेकांच्या स्मरणात आहे.

"मग राजकारणही चालेल का?" असे अनेकांनी विचारले आहे. चालेल, अट तीच. 'नोटपॅड++' या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या लेखकाने ऑक्टोबर 2019 मध्ये 7.8.1 या आवृत्तीलाच चीनमधल्या उइघुर या अल्पसंख्याक समाजाच्या मुक्तीचे नाव दिले. त्यांच्या मताबद्दल मला आदर आहे. परंतु मत आणि आवृत्ती एकच झाल्यामुळे त्रुटी नोंदवण्यासाठी असलेल्या पानावर संतप्त संदेशांचा पूर आला आणि खऱ्या त्रुटी त्यात बुडाल्या. तेच मत स्वतंत्र पत्रात मांडले असते तर टीका झाली असतीच, पण ती त्या पत्रावर झाली असती.

माझ्या वार्तापत्रात संपादकीय यापुढेही राहील, शेवटी आणि स्वतःच्या मथळ्याखाली. ज्यांना ते मुळीच नको असेल त्यांच्यासाठी नोंदणीच्या पानावर 'फक्त तांत्रिक' असा पर्याय ठेवला आहे. तो निवडला की पुढच्या अंकापासून तेवढाच भाग येईल. जत्रेच्या वर्णनाबद्दल तक्रार करणाऱ्या त्या प्रेक्षकांनी कृपया तो निवडावा आणि क्वेरीच्या भागात काही कमी वाटले, तर तेही नक्की लिहावे.